लॅमिनेट फ्लोरिंग दाराच्या चौकटीपाशी कसं बसवायचं? फट कशी लपवता?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. बेडरूममध्ये लॅमिनेट स्वतःच घालायचं ठरवलंय, सामान आणून झालं, ८ मिमीची क्लिकवाली फळी आहे आणि खाली २ मिमीचा फोम. सरळ भिंतींचं टेन्शन नाही, कडेने १० मिमी गॅप सोडायची आणि वरून स्कर्टिंग मारलं की झाकलं जातं, एवढं कळलंय. घोडं अडलंय ते दारांपाशी.

खोलीला दोन दारं, दोन वेगवेगळ्या भिंतींत. एक खोलीचं मेन दार, लाकडी चौकट आणि तिच्या बाजूने मोल्डिंगची पट्टी, तिला चांगल्या तीन-चार खाचा नि गोलाई आहे. दुसरं बाथरूमचं, त्याची चौकट लोखंडी. पुठ्ठ्याचा साचा कापून बघतेय पण मोल्डिंगच्या आतल्या कोपऱ्यात काही तो नीट बसत नाही, आणि समजा बसला तरी चौकटीपाशीपण गॅप सोडायचीच ना? मग ती झाकायची कशाने, चौकटीला काय स्कर्टिंग लावणार? हत्यारं म्हणाल तर जिगसॉ आहे, ड्रिल आहे, हातकरवत आहे, मल्टिटूल (थरथरणाऱ्या सपाट पात्याने कापणारं छोटं यंत्र) नाही पण भाड्याने आणता येईल. फिनिशिंग चांगलं यायला हवं, दार म्हणजे खोलीत शिरताना पहिली नजर तिथेच जाते.

भिंतीवरचीपाल

फळी नका कापू, चौकट कापा. प्रश्न मिटला.

कोरीपाटी

@भिंतीवरचीपाल चौकट?? अहो लाकडी चौकट आहे, पॉलिश केलेली. नीट सांगा ना जरा.

लाकूडतोड्या

पालीने दोन वाक्यांत उरकलं पण बरोबर आहे ते. ताई, मोल्डिंगच्या आकाराप्रमाणे फळी कातरत बसणं म्हणजे उलटा उद्योग. कितीही सफाईने कापलं तरी फळी आणि चौकट यांच्यात गॅप ठेवावीच लागते, कारण लॅमिनेटच्या आतला एचडीएफ बोर्ड, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली घट्ट पाटी, हवेतली ओल घेऊन फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि अख्खी फरशी तरंगती, म्हणजे जमिनीला न चिकटवलेली असल्यामुळे एकसंध सरकते. चौकटीला चिकटून कापलीत तर ती सरकताना चौकटीला टेकणार आणि मग मधेच कुठेतरी फळ्या उचलल्या जाणार, लोक म्हणतात माल खराब निघाला. म्हणून चौकटीचाच खालचा भाग फळीच्या जाडीएवढा कापायचा आणि फळी त्याच्या पोटात सरकवायची. गॅप असते, पण ती चौकटीच्या खाली अंधारात असते, दिसतच नाही. मोल्डिंगला तीन खाचा असोत नाहीतर तेरा, काही फरक पडत नाही मग.

उंची मोजायला टेप घेऊ नका. फळीचा एक वाया गेलेला तुकडा घ्या, त्याच्याखाली तोच फोम ठेवा जो खोलीत घालणार आहात, आणि हा जोड चौकटीला टेकवून जमिनीवर ठेवा. त्यावर करवत आडवी टेकवून कापत जायचं, झालं, उंची आपोआप ८ अधिक २ म्हणजे १० मिमी येते आणि करवतीच्या पात्याच्या जाडीमुळे वर किंचित सवड मिळते ती हवीच असते. एक मिमीच्या वर सवड ठेवू नका नाहीतर नंतर वरच्या बाजूला काळी रेघ दिसते. तुकडा फळीची छापील बाजू खाली करून ठेवा म्हणजे करवतीने ओरखडे पडले तरी चालतील... तसा तो वायाच आहे म्हणा. आणि हो, जमीन चौकटीपाशी उंचसखल असेल तर आधी तिथली पातळी बघा, खड्ड्यात तुकडा ठेवून कापलंत तर फळी आत जाणारच नाही.

साध्या हातकरवतीची अडचण म्हणजे मूठ. मूठ जमिनीला लागते आणि पातं सपाट टेकत नाही. एकतर मूठ वर वळलेली, या कामासाठीच मिळते ती करवत घ्या, किंवा पातळ लवचीक पात्याची घ्या जी हाताने वाकवून सपाट दाबता येते. मल्टिटूल भाड्याने मिळत असेल तर सरळ तेच आणा, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत करवत पोचत नाही, मल्टिटूल पोचतं. पातं लाकूड-लोखंड दोन्ही कापणारं बायमेटल घ्या, पट्टीत खिळे असतातच, निव्वळ लाकडाचं पातं खिळ्यावर गेलं की दात संपले.

साधासरळ

मला नाही पटत हे. चौकट ही चौकट असते, दार तिच्यावर लटकतंय, बिजागऱ्या तिच्यात आहेत. खालून कापून ती अधांतरी केली तर उद्या दार खाली बसेल. त्यापेक्षा फळी आकारात कापा आणि फटीत भुसा नि गोंद कालवून भरा, पॉलिश मारा, कळणारही नाही.

लाकूडतोड्या

@साधासरळ चौकट भिंतीला बाजूने धरलेली असते, पकडी, स्क्रू, गच्च भरलेला माल, ते सगळं उभ्या अंगाला असतं. दाराचं वजन तिथे जातं. तळाचा १० मिमी तुकडा काढल्याने दार खाली येत नाही. तरी शंका असेल तर कापायच्या आधी चौकट हाताने हलवून बघा, आधीच डुगडुगत असेल तर ती आधी घट्ट करून घ्या, तेवढी काळजी घेणं रास्त आहे. पण भुसा-गोंद मात्र नका सांगू कुणाला. तो सुकून दगडासारखा होतो, फरशी सरकायला लागली की एकतर तडकून निघतो नाहीतर फरशीला जखडून ठेवतो. गॅप भरून टाकली तर गॅप सोडली कशाला?

कोरीपाटी

हे एकदम डोक्यात बसलं. पण माझी चौकट भरीव आहे, चार बाजूंनी लाकूड, भिंतीत रुतलेली. मोल्डिंगची पट्टी खालून कापणं समजलं, ती पातळ आहे. पण भरीव खांब पूर्ण आरपार कापायचा का? त्याचा जीव केवढा!

लाकूडतोड्या

नाही नाही, आरपार नाही. साधा हिशोब बघा. फळी चौकटीखाली १०-१२ मिमी शिरली की पुरे, तेवढ्याने कड लपते. तिच्या पुढे १० मिमी मोकळी जागा, फरशीला सरकायला. म्हणजे खाच २० ते २५ मिमी खोल लागली, बास. भरीव खांब असेल तर मल्टिटूलने आडवा काप तेवढा खोल घ्या, मग बाजूंनी छोटे उभे काप द्या आणि पटाशी घालून तुकडे उचकटत जा. खांबातल्या लाकडाच्या रेषा उभ्या असतात त्यामुळे १० मिमी उंचीचा तो चिल्लर तुकडा मागून सहज फुटून निघतो. दार जिथे अडतं ती खांबाची पायरी आहे ना, तिथेही खाच तेवढीच आत न्यायची, लोक पुढचा भाग कापतात आणि ही आतली पायरी विसरतात.

दोन बारीक गोष्टी, पण त्यांनीच काम बिघडतं. एक, खाचेतला भुसा व्हॅक्यूमने ओढून काढा, एक चिमूट भुसा राहिला तरी फळी पूर्ण आत जात नाही आणि क्लिक अर्धवट बसतं. दुसरं, कापलेला उघडा तळ तसाच ठेवू नका, लाकूड टोकाकडून सगळ्यात जास्त पाणी ओढतं, तिथे प्रायमर नाहीतर पॉलिशचा हात ब्रशने आतपर्यंत फिरवा आणि वाळू द्या. घरात पोछा ओला असतो हो.

निळीशाई

एक भर घालते. चौकटीवर जुना ऑइलपेंट असेल तर कापताना मास्क लावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, जुन्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ बरी नाही. ताईंची पॉलिशची आहे म्हणताय तेव्हा इथे प्रश्न नाही, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

उचापतीकाका

सगळे कापण्याबद्दल सांगतायत, पण खरी गंमत नंतर आहे. क्लिकची फळी तिरकी धरून, साधारण २०-३० अंशात उचलून, मग खाली दाबून बसवतात. चौकटीखाली तिरकी धरायला जागाच नाही! तिथे अडकल्यावर माणूस हातोडी घेऊन फळीची कड ठोकतो आणि छापाचा थर उडवतो.

त्यामुळे पहिला नियम, काम दाराच्या भिंतीपासून सुरू करा. पहिली ओळ चौकटीखाली निवांत सरकते कारण तिच्यामागे अजून काहीच नाही, पुढच्या ओळी मग मोकळ्या खोलीत तिरक्या धरून लावत यायच्या. दोन दारं दोन भिंतींत असतील तर जिथे चौकटीखाली सरकवायचंय, म्हणजे तुमचं मेन दार, तिथून सुरुवात. लोखंडी चौकटीखाली तुम्ही काही सरकवणार नाहीच, ती शेवटी आली तरी चालतं.

आणि नाइलाजाने शेवटची ओळच चौकटीखाली जाणार असेल तर क्लिकचं कुलूप मोडावं लागतं. आधी बसलेल्या फळीच्या खाचेचा खालचा ओठ बघा, तो थोडा बाहेर आलेला असतो आणि त्याला वर उचललेली एक कड असते. ती कड छोट्या रंध्याने नाहीतर धारदार पटाशीने सपाट सोलून टाकायची. मग फळी उचलायची गरज उरत नाही, जमिनीवर सपाट ठेवून आडवी आत ढकलता येते. ओठावर लाकडाचा पाण्यात टिकणारा पांढरा गोंद बारीक रेघेत लावायचा, फळी आधी चौकटीखाली सरकवायची, मग तिला मागे ओढून सांध्यात बसवायची. ओढायला ती झेडसारखी वाकवलेली लोखंडी पट्टी मिळते, तिचं एक टोक फळीच्या कडेला अडकवून दुसऱ्या टोकावर हातोडीने टकटक करायचं. सांध्यावर आडव्या मास्किंग टेपच्या पट्ट्या ताणून लावायच्या आणि गोंद वाळेपर्यंत त्यावर पाय नाही ठेवायचा. वर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा.

अशा वेळी चौकटीखालची खाच नेहमीपेक्षा जास्त खोल लागते हे ध्यानात ठेवा, फळीला आधी जास्त आत जाऊन मग परत यायचंय ना. मागे यायला जागा असते, पुढे जायला नसते, तिथेच सगळे अडकतात.

कोरीपाटी

काका भारी सांगितलंत, मी तर खिडकीच्या भिंतीपासून सुरुवात करणार होते कारण तिथे उजेड पडतो. आता मेन दारापासून करते. मग एकच, त्या पहिल्या ओळीतली दारासमोरची फळी मोजायची कशी? दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत आणि मधे फळीचा भाग दाराच्या उघड्या जागेत पुढे जाणार, असा आकार होतोय ना?

उचापतीकाका

हो, मधे पुढे आलेली जीभ आणि दोन्हीकडे मागे गेलेले खांदे. ही फळी जमेल तर दाराच्या दोन्ही खांबांना पुरून उरेल एवढ्या लांबीची एकच अखंड घ्या, दारात सांधा नको, तिथे सगळ्यात जास्त पाय पडतात. फळी भिंतीला समांतर चौकटीला टेकवून ठेवा, दोन्ही खांबांच्या कडा गुण्या (काटकोनी पट्टी) लावून फळीवर उतरवा, मग जीभ दोन्ही बाजूंना १०-१२ मिमी रुंद करा कारण ती खांबांखाली शिरायची आहे. हे वाढवायचं राहिलं की फळी गेली. खोलीची मापं घेताना फळीच्या छापील पृष्ठापासून मोजा, बाहेर आलेल्या क्लिकच्या कडेपासून नाही, ती कड पुढच्या फळीत गडप होते.

कापताना आतल्या दोन कोपऱ्यांत आधी ड्रिलने १० मिमीचं भोक पाडा. जिगसॉ तिथे वळतो आणि कोपरा चिरत नाही, भोकाची गोलाई चौकटीखाली जाते. जिगसॉच्या साध्या पात्याचे दात वर ओढतात, म्हणून छापील बाजू खाली करून कापा, आणि उलटी फळी आखताना डावं-उजवं बदलतं हे लक्षात असू द्या. किंवा खाली ढकलणाऱ्या उलट्या दातांचं पातं घ्या, मग छापील बाजू वर ठेवूनच कापता येतं. हातकरवत मात्र छापील बाजू वर ठेवूनच.

निळीशाई

लोखंडी चौकटीचं मी सांगते, आमच्याकडे सगळ्या चौकटी तशाच आहेत. ती कापायचा विचारही करू नका, आत बहुतेक माल भरलेला असतो आणि कापलेली कड गंजते, बाथरूमच्या शेजारी तर नक्कीच. दगडी चौकटीचंही तेच. इथे मात्र फळीच आकारात कापावी लागते, पण लोखंडी चौकटीचा आकार सोपा असतो, दोन-तीन सरळ वळणं, तुमच्या मोल्डिंगसारखी नक्षी नाही.

पुठ्ठ्याचा साचा करा पण मोठा एक तुकडा कापत बसू नका. जाड कागदाच्या छोट्या सरळ पट्ट्या एकेका कडेला टेकवा आणि एकमेकींना टेपने चिकटवत जा, कोपरे आपोआप जुळतात. मग हा साचा फळीवर ठेवून गॅप आत घ्यायची. त्यासाठी एक सोपी युक्ती, वॉशर घ्या ज्याच्या भोकापासून कडेपर्यंतचं अंतर तुम्हाला हव्या त्या गॅपएवढं आहे. पेन्सिल भोकात ठेवून वॉशर साच्याच्या कडेवरून लोळवत न्या, सगळीकडे सारख्या अंतरावर रेघ पडते. पेन्सिलचं टोक भोकाच्या कोणत्या बाजूला टेकतंय ते मात्र एकसारखं ठेवा.

गॅप किती ते खोक्यातल्या कागदावर कंपनीने लिहिलेलं असतं, तेच धरा, बहुतेकांचं ८ ते १० मिमी असतं. दिसायला नको म्हणून २-३ मिमीवर आणू नका, बाथरूमचं दार आहे, ओल तिथेच सगळ्यात जास्त.

भरायचं सिलिकॉनने, कारण ते रबरासारखं दबतं नि ताणतं. पण थेट ओतू नका! आधी फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवा, फटीपेक्षा थोडी जाड. सिलिकॉन मग फक्त दोन बाजूंना चिकटतं, तळाला नाही, आणि मोकळं ताणलं जातं, शिवाय माल निम्मा लागतो. दोन्ही कडांना मास्किंग टेप, सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका हातात शेवटपर्यंत ओढत न्या, आणि टेप लगेच काढा, वर साय धरायच्या आत. नंतर काढलात तर कड फाटते. रंग फरशीशी जुळवा, चौकटीशी नाही, नाहीतर चौकटीला पाय फुटल्यासारखं दिसतं. सिलिकॉनवर रंग बसत नाही त्यामुळे नंतर चौकट रंगवायची असेल तर आधी चौकट, मग हे.

साधासरळ

ठीक, भुसा-गोंदाचं मागे घेतो. पण लॅमिनेट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सलग नेता येतं ना, दारात ती दोन फरशांमधला सांधा झाकणारी पट्टी मारायची सक्ती का? दिसायला घाण दिसते.

उचापतीकाका

@साधासरळ दिसतं सलगच छान, वादच नाही. पण दोन खोल्यांच्या दोन फरशा दाराच्या अरुंद गळ्यातून एकमेकींना ओढतात, आणि सगळा ताण त्या दारातल्या दोन-चार फळ्यांवर येतो, सांधे तिथेच उघडतात. म्हणून बहुतेक कंपन्या दारात फरशी तोडायला सांगतात. ताईंच्या बाबतीत तर बाहेर वेगळी फरशी असणार, तेव्हा पट्टी हवीच. दार बंद केल्यावर दाराच्या बरोबर खाली यायला हवी, म्हणजे आतून फक्त लॅमिनेट दिसतं, बाहेरून फक्त बाहेरची फरशी. टी आकाराची पट्टी असेल तर तिचा खालचा भाग जमिनीला स्क्रूने बसवतात, फळीतून स्क्रू मारायचा नाही हां, फरशी तिथे खिळली तर एवढं सगळं चौकट कापून केलेलं वाया. बाहेरची फरशी खाली असेल तर उताराची पट्टी मिळते, आणि बाथरूमकडे दगडी उंबरा वर आलेला असेल तर फळी अलीकडे थांबवून शेवटची पट्टी.

भिंतीवरचीपाल

दार उघडेल ना नंतर? फरशी १० मिमीने वर येतेय.

कोरीपाटी

अरे देवा. मेन दार आत उघडतं. खाली किती जागा आहे ते बघून आले, एक बोटसुद्धा जात नाही.

लाकूडतोड्या

मग फळी घालायच्या आधीच दार उतरवा. तोच फळी आणि फोमचा जोड दारापाशी ठेवा, वरून पट्टीची जाडी धरा, वर ४-५ मिमी मोकळं सोडा आणि दारावर रेघ मारा. दार उघडतं त्या पूर्ण अर्धवर्तुळात जोड फिरवून बघा, जमीन सगळीकडे सारखी नसते, सगळ्यात कमी जागा मिळेल तिथलं माप घ्या. बिजागऱ्यांचे पिन काढून दार आडवं ठेवा, रेघेवर मास्किंग टेप, त्यावरून ब्लेडने एक खोल चीर, मग सर्क्युलर करवत सरळ पट्टी क्लॅम्प करून चालवा. ब्लेडची चीर दिली की पॉलिशचे टवके उडत नाहीत. फ्लश डोअर असेल तर खालून कापण्याआधी बघून घ्या आतली लाकडी कड किती रुंद आहे, पूर्ण कापून काढलीत तर आत पोकळ निघतं, मग तीच कड सोलून परत आत चिकटवावी लागते. कापलेल्या तळाला प्रायमर इथेही.

आणि दार उतरवलेलंच राहू द्या फरशी होईपर्यंत, चौकटीपाशी गुडघ्यावर बसून काम करताना ते मधे लोंबकळत असलं की वैताग येतो. फळ्यांची खोकी न उघडता त्याच खोलीत दोन दिवस आडवी ठेवली आहेत ना? नसतील तर आज ठेवा, तोवर चौकटी कापून होतील.

कोरीपाटी

खोकी गॅलरीत उभी ठेवलीयेत 😬 आणते आत.

भिंतीवरचीपाल

आडवी.